गाईडबुक विकत घेण्याआधी: डोंगरभटकंती आणि ट्रेल रनिंगसाठी पुस्तक निवडायची रीत

गाईडबुकाचं खरं काम दिवसातून चार-पाच वेळाच निघतं. वाट फुटते, दोन्ही फाटे सारखेच मळलेले असतात, वर धुकं आहे किंवा दिवस कलायला आलाय, अशा वेळी पुस्तक उघडलं जातं. त्या क्षणी ते उत्तर देतं की नाही, एवढ्यावर पुस्तकाची किंमत ठरते. मुखपृष्ठावरचा सूर्योदय आणि आतले पानभर फोटो तिथे कामाला येत नाहीत. पुढच्या पायऱ्या पुस्तक हातात घेऊन, दुकानात किंवा ग्रंथालयात उभ्या उभ्या करता येतील अशा आहेत. सगळ्या मिळून अर्धा तास पुरतो.

पायरी १: कुठल्या जातीचं पुस्तक हवंय ते ठरवा

एका प्रदेशातल्या निवडक वाटांचं, एकाच लांब पल्ल्याच्या वाटेचं टप्प्याटप्प्याने सांगणारं, हात लावून चढायच्या कातळधारांचं, आणि खास धावणाऱ्यांसाठीचं, अशा पुस्तकांच्या मुख्य जाती. ‘१०० सुंदर वाटा’ छापाच्या पुस्तकात प्रत्येक वाटेला दोन पानं मिळतात, त्यात फोटोच एक पान खातो. कुठे जायचं ते ठरवायला असं पुस्तक छान, पण वाटेवर न्यायला नाही. लांब पल्ल्याच्या पुस्तकात एक गोष्ट आधी बघा: वर्णन कुठल्या दिशेने लिहिलंय? उलट दिशेने चालणाऱ्याला प्रत्येक ‘डावीकडे वळा’ मनात उलटं करावं लागतं, आणि दमल्यावर तिथेच चुका होतात.

पायरी २: मुद्रणाचं पान उघडा

शीर्षकपानामागचं बारीक अक्षरातलं पान बहुतेक जण उलटून टाकतात. पुनर्मुद्रण आणि नवी आवृत्ती यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो इथेच कळतो. पुनर्मुद्रणात जुनाच मजकूर पुन्हा छापलेला असतो आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, तोच राहतो. नव्या आवृत्तीला नवा आयएसबीएन मिळतो. म्हणजे ‘२०२२’ हा आकडा दिसला तरी मजकूर २००९चा असू शकतो. अनेक प्रकाशक त्याच पानावर १० ९ ८ ७ ६ अशी अंकांची ओळ छापतात. तीत उरलेला सर्वांत लहान अंक म्हणजे हे कितवं मुद्रण.

लेखक स्वतः वाटेवर शेवटचा कधी गेला, हे साल काही पुस्तकांत वाटेगणिक दिलेलं असतं. असं पुस्तक दिसलं तर त्याला झुकतं माप द्या.

जुनं पुस्तक टाकाऊच असतं असं मात्र नाही. धारा, खिंडी, सोंडा, कडे जागा सोडत नाहीत. बदलतात ते लाकडी पूल, जंगलातले गाडीरस्ते, झरे, निवारे, कुंपणं आणि प्रवेशाचे नियम. दरड कोसळून एखादा उतार कायमचा बंद होतो. म्हणून वीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकातली डोंगराची रचना निश्चिंत वाचा, पण पाणी, मुक्काम आणि परवानगी यांबाबत त्याच्यावर विसंबू नका.

पायरी ३: तिठ्याची परीक्षा

ही सगळ्यांत महत्त्वाची. कुठलीही एक वाट उघडा, वाट फुटते ती जागा शोधा आणि ते वाक्य वाचा. एकाच जागेची ही दोन वर्णनं पाहा.

पहिलं: ‘ओढ्यानंतर वाट उजवीकडे वळते आणि दाट झाडीतून चढत तासाभरात रम्य खिंडीत पोहोचते.’

दुसरं: ‘दुसरा ओढा ओलांडताच (सुरुवातीपासून २.४ किमी, उंची १,३१० मी.) वाट फुटते. सरळ जाणारी रुंद वाट गुरांची आहे, ती ३०० मीटरवर कुरणात संपते. ईशान्येची अरुंद वाट धरा. ८० मीटरवर डाव्या हाताला कातळाशी दगडांची लगोरी दिसली पाहिजे. ती न दिसता वाट उतरायला लागली तर चुकलात, ओढ्यावर परत या.’

पहिल्या वर्णनात कुठला ओढा ते नाही. ‘उजवीकडे’ आहे, पण ओढ्यावर पाणी भरायला वळून उभं राहिलेल्या माणसाचं उजवं कुठलं? ‘तासाभरात’ कोणाच्या पायांनी? दुसऱ्यात अंतर आहे, उंची आहे, होकायंत्राची दिशा आहे, चुकीची वाट कशी ओळखायची ते आहे, आणि बरोबर वाटेवर असल्याची खूणही आहे. त्यातही ‘चुकलात तर काय दिसेल’ हे वाक्य सोन्याचं. ते लिहिणारा लेखक बहुधा त्या चुकीच्या वाटेने स्वतः जाऊन आलेला असतो.

नदी, नाळ किंवा हिमनदीच्या बाबतीत ‘डावा काठ’ हा शब्द आला की प्रस्तावनेत त्याचा अर्थ दिलाय का ते बघा. डोंगरी लिखाणात काठाचं डावं-उजवं नेहमी प्रवाहाच्या दिशेला तोंड करून मोजतात. तुम्ही प्रवाहाविरुद्ध चढत असाल तर पुस्तकातला डावा काठ तुमच्या उजव्या हाताला येतो. ही व्याख्या न देता दोन्ही पद्धती मिसळणारं पुस्तक खाली ठेवा.

अशा तीन जागा तीन वेगवेगळ्या वाटांवर तपासा. एखादी वाट लेखकाने फार प्रेमाने लिहिलेली असते आणि बाकीच्या ऐकीव असतात, ते इथे उघडं पडतं.

पायरी ४: वेळ कुठल्या मापाने दिलीय?

गाईडबुकातल्या वेळेवरून सर्वांत जास्त चिडचिड होते, आणि दोष बहुतेकदा पुस्तकाचा नसून मापाचा असतो. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२मध्ये मांडलेला नियम आजही वापरात आहे: दर ५ किमीला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. जर्मन मानक डीआयएन ३३४६६ वेगळं मोजतं. सपाटीवर तासाला ४ किमी, चढाई तासाला ३०० मीटर, उतराई तासाला ५०० मीटर. आडव्या अंतराची वेळ आणि उभ्या अंतराची वेळ वेगवेगळी काढायची, जी मोठी ती पूर्ण धरायची आणि लहान तिची निम्मी मिळवायची.

आता १४ किमीची एक गोल वाट घ्या, ९०० मीटर चढाई आणि तेवढीच उतराई. नेस्मिथ म्हणतात २ तास ४८ मिनिटं अधिक १ तास ३० मिनिटं, म्हणजे ४ तास १८ मिनिटं. जर्मन पद्धतीने आडवी वेळ साडेतीन तास. उभी वेळ ३ तास अधिक १ तास ४८ मिनिटं, म्हणजे ४ तास ४८ मिनिटं. त्यात साडेतीनचे निम्मे, पावणेदोन तास मिळवले की ६ तास ३३ मिनिटं. वाट तीच, फरक सव्वादोन तासांचा. एका पुस्तकाची सवय झालेला माणूस दुसरं पुस्तक घेऊन निघाला तर परतताना अंधारात सापडतो तो असा.

नेस्मिथच्या नियमात उतराईला वेळच धरलेला नाही. ब्रिटिश गिर्यारोहक एरिक लँगमुइर यांनी त्याला जोड दिली: ५ ते १२ अंशांच्या सौम्य उतारावर दर ३०० मीटर उतराईला १० मिनिटं वजा करा, त्याहून तीव्र उतारावर १० मिनिटं वाढवा. विश्रांती, जेवण, फोटो यांपैकी काहीच या हिशेबांत नसतं. पुस्तकातली वेळ थांब्यांसह आहे की निव्वळ चालण्याची, हे प्रस्तावनेत लिहिलेलं असायला हवं. नसेल तर निव्वळ चालण्याची समजा.

आता कसोटी. पुस्तकातल्या कुठल्याही तीन वाटांची नेस्मिथने वेळ काढा आणि पुस्तकातल्या वेळेला तिने भागा. उत्तरं १.३, १.२५, १.३५ अशी आसपास आली तर लेखकाच्या हाती एकच माप आहे. मग ते तुमच्या मापाशी जुळो न जुळो, सवय करता येते. पण ०.८, १.६, १.१ अशी विखुरली आणि घसारा, बर्फ, कातळ असं काही कारण वर्णनात सापडलं नाही, तर वेळा अंदाजपंचे लिहिल्या आहेत.

पायरी ५: चढाईचा आकडा आणि उंचीचा आलेख

‘उंचीतला फरक ६०० मी.’ आणि ‘एकूण चढाई ६०० मी.’ एकच नव्हेत. समजा सुरुवात १,२०० मीटरवर, माथा १,८०० वर, आणि मध्ये एका खिंडीसाठी २५० मीटर उतरावं लागतं. उंचीतला फरक ६००, पण जाताना चढाई ८५०. त्याच वाटेने परत यायचं तर ते २५० पुन्हा चढायचे, एकूण १,१००. जवळजवळ दुप्पट. पुस्तक नेमका कुठला आकडा देतं, हे आलेखावरच्या चढ-उतारांची बेरीज करून पडताळा.

आलेखाची मोजपट्टीही बघा. आडव्या अक्षावर १ सेमी म्हणजे १ किमी आणि उभ्यावर १ सेमी म्हणजे १०० मीटर असेल, तर चढ दहापट ताणून दाखवलाय. त्यात चूक काही नाही, पण सगळ्या वाटांना तीच मोजपट्टी हवी. दर वाटेचा आलेख चौकटीत बसवायला ताणला-दाबला असेल, तर ३०० मीटरची टेकडी आणि १,५०० मीटरचा माथा कागदावर जुळी भावंडं दिसतात.

घड्याळातल्या किंवा फोनमधल्या आकड्याशी तंतोतंत ताळा मात्र मागू नका. उपग्रहावरून नोंदलेल्या उंचीत बारीक चढउतारांचा गोंगाट असतो. तो किती गाळायचा हे प्रत्येक उपकरण आपल्यापरीने ठरवतं, त्यामुळे एकाच चालीचे दोन घड्याळांत दोन आकडे येतात.

पायरी ६: काठिण्यश्रेणी

‘सोपी, मध्यम, अवघड’ एवढ्यावर भागवणारं पुस्तक काहीच सांगत नाही. अवघड म्हणजे लांब, दमवणारी, पाय घसरला तर जिवावर बेतणारी, की वाट सापडायला कठीण? चारही वेगळ्या गोष्टी आहेत आणि चांगलं पुस्तक त्या वेगळ्या ठेवतं.

प्रमाणित श्रेणी दिली असेल तर ती कुठली ते नीट वाचा. स्विस अल्पाइन क्लबची श्रेणी टी१ ते टी६ अशी आहे. टी१ म्हणजे नीट आखलेली वाट. टी४ला जागोजागी हात लावावे लागतात आणि टी६ला कातळचढाईच्या स्वतंत्र मापातल्या दुसऱ्या श्रेणीपर्यंतची चढाई येते. इटालियन पुस्तकांत मात्र नुसतं ‘टी’ म्हणजे पर्यटकांची सोपी वाट, ‘ई’ म्हणजे सर्वसाधारण ट्रेकरची, ‘ईई’ अनुभवी माणसाची आणि ‘ईईए’ म्हणजे दोर-साखळ्यांची, सामान लागणारी वाट. अमेरिकी योसेमिटी पद्धतीत वर्ग १ म्हणजे चालणं, ३ म्हणजे हातपाय लावून चढणं, आणि ५ पासून तंत्रशुद्ध कातळचढाई सुरू होते.

श्रेणी सरासरीची आहे की सर्वांत कठीण जागेची, हेही विचारा. १२ किमी सोप्या वाटेवर १५ मीटरचा एक उघडा कातळटप्पा असेल, तर तुम्ही परत फिरणार की पुढे जाणार हे ते १५ मीटरच ठरवतात. त्यांची जागा, उंची, दगड ओला असताना काय होतं आणि वळसा घालून जायची सोय आहे का, हे पुस्तकाने स्वतंत्र लिहिलेलं हवं. गोल वाटेत हा टप्पा चढताना यावा की उतरताना, यावर दिशेची निवड ठरते, आणि लेखकाने ती कारणासह दिली पाहिजे.

पायरी ७: नकाशा आणि निर्देशांक

१:२५,००० नकाशावर ४ सेमी म्हणजे १ किमी, १:५०,००० वर २ सेमी. वाट शोधायला पहिला बरा, दुसरा चालतो, १:१,००,००० फक्त कुठे काय आहे ते कळण्यापुरता. कंटूर रेषा (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या) नसलेला, उत्तर दिशा आणि मोजपट्टी नसलेला ‘रेखाचित्र नकाशा’ हा नकाशा नव्हे, सजावट आहे. कंटूर २० मीटरचे असतील तर १५ मीटरचा कडा दोन रेषांमध्ये सहज लपतो, म्हणून असे टप्पे मजकुरात यायलाच हवेत.

पुस्तकातले नकाशे बहुधा वाटेपुरत्या पट्ट्या असतात. पट्टीबाहेर भरकटलात की पुस्तक गप्प. म्हणून सलग नकाशाचं कुठलं पान सोबत घ्यायचं, हे पुस्तकाने सांगायला हवं.

निर्देशांकांत, म्हणजे जागेच्या अक्षांश-रेखांशांत, एक जुनी खोड आहे. ४६° ३०.५० मिनिटं हे दशांशात लिहिलेलं असताना कोणी ते ३० मिनिटं ५० सेकंद असं भरलं, तर अर्धा मिनिट म्हणजे ३० सेकंदांऐवजी ५० सेकंद होतात. अक्षांशाचा एक सेकंद सुमारे ३१ मीटरचा, म्हणजे चूक ६२० मीटरच्या आसपास. दरीच्या पलीकडे नेऊन ठेवायला एवढं पुरतं. पुस्तकात एकच पद्धत हवी आणि आधारप्रणालीचं, म्हणजे अक्षांश-रेखांश कुठल्या पायावर मोजलेत त्याचं, नाव हवं. आजकाल ते बहुधा डब्ल्यूजीएस८४ असतं. जुन्या नकाशांची प्रणाली वेगळी असेल तर बिंदू शंभर-दोनशे मीटर सरकू शकतो. निर्देशांक दशांश अंशांत असतील तर चार दशांशस्थळं म्हणजे सुमारे ११ मीटर, तीन म्हणजे १११ मीटर. तिठ्यासाठी तीन पुरत नाहीत.

पायरी ८: पाणी, ऋतू, सुटका

पाण्याच्या जागेला महिना जोडलेला हवा. ‘झरा आहे’ यापेक्षा ‘बर्फ वितळल्यावर सहा-आठ आठवडेच वाहतो’ हे उपयोगाचं. बर्फाच्या पाण्यावर चालणारे ओढे पहाटे कमी आणि दुपारनंतर भरून वाहतात, त्यामुळे ओढा कितीला ओलांडायचा हे लिहिणारा लेखक जाणता. उत्तर गोलार्धात उत्तरेकडच्या उतारांवर बर्फ जास्त टिकतो, दक्षिण गोलार्धात उलट. वाट ‘उन्हाळ्यात खुली’ म्हणताना उताराचं तोंड कुठे आहे, याचा उल्लेख हवा.

दर वाटेला मध्येच सोडून उतरायच्या जागा दिल्यात का? आणि बचावपथकाचा क्रमांक? डोंगरातला आंतरराष्ट्रीय संकटसंकेत म्हणजे शिट्टी किंवा दिव्याचे मिनिटाला सहा इशारे, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन इशाऱ्यांचं. हे पहिल्या काही पानांत नसेल तर संपादन घाईत उरकलंय असं समजायला हरकत नाही.

पायरी ९: धावणाऱ्यांनी आणखी काय पाहायचं

चालणाऱ्यांचं पुस्तक घेऊन सगळ्या वेळा निम्म्या करायच्या, हा ट्रेल रनिंगमधला नेहमीचा घोळ. सपाटीवर आणि हलक्या उतारावर धावणारा खूप वेळ वाचवतो. खड्या चढावर मात्र तोही गुडघ्यांवर हात ठेवून चालतोच, आणि सुट्या दगडांच्या उतारावर वेग फारसा वाढत नाही. म्हणून एकूण वेळेपेक्षा टप्प्याटप्प्याचं अंतर आणि चढाई देणारं पुस्तक बरं.

श्रमाचा ढोबळ अंदाज घ्यायला इट्रा या आंतरराष्ट्रीय संघटनेची रीत सोपी आहे: किलोमीटरमधल्या अंतरात दर १०० मीटर चढाईला १ मिळवायचा. वरची १४ किमी, ९०० मीटरची वाट २३ची झाली. २० किमी आणि ४०० मीटर म्हणजे २४, १४ किमी आणि १,००० मीटर म्हणजेही २४. पण पायाखाली काय आहे, हे त्या आकड्यात येत नाही आणि उतराईही नाही. पहिली वाट मऊ मातीची आणि दुसरी मुळं-धोंड्यांची असेल तर २४ आणि २४ यांत घोटा मुरगळण्याइतकं अंतर असतं. धावणाऱ्यांच्या पुस्तकात जमिनीचा प्रकार किलोमीटरगणिक हवा: गाडीरस्ता, माती, मुळं, सुटे दगड, कातळ, दलदल.

पाण्याचं अंतर वेळेत मोजा. अर्ध्या लिटरच्या दोन मऊ बाटल्या, तासाला अर्धा लिटर, म्हणजे दोन तास. पुस्तकातल्या दोन पाणवठ्यांमध्ये तुमच्या वेगाने तीन तास जात असतील तर ती वाट तशीच धावता येणार नाही. सुटकेच्या वाटाही धावणाऱ्याला जास्त लागतात. अंगावर कपडे कमी, घामाने भिजलेले. पाय दुखावून चालण्याच्या वेगावर आलं की अंग झपाट्याने गार पडतं.

तीनशे ग्रॅमचं पुस्तक धावताना कोणी नेत नाही. त्यातून ए६ आकाराचं, म्हणजे १०५ × १४८ मिमीचं, एक कार्ड तयार होतं का ते पाहा: प्रत्येक तिठा, तिथवरचं अंतर, उंची, दिशा, पाणी, सुटका. पान वाचून दहा मिनिटांत असं कार्ड लिहिता आलं तर लेखन नेमकं आहे.

पायरी १०: कागद की फोन

पुस्तक पूर्ण उघडून टेबलावर ठेवा. नुसत्या गोंदाने चिकटवलेली बांधणी कडकड वाजते आणि ओल लागली की पानं सुटतात, शिवलेली टिकते. सोबत जीपीएक्स फाइल (फोनवर वाटेची रेघ दाखवणारी) असेल तर ती घ्या, पण थंडीत फोनची बॅटरी भरभर उतरते आणि ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही. लागणाऱ्या दोन-तीन पानांची प्रत झिपच्या पिशवीत असू द्या. फाइल प्रत्यक्ष चालून नोंदलेली आहे की नकाशावर बोट फिरवून काढलेली, हे ती मोठी करून पाहिलं की कळतं. कड्याच्या पायथ्याशी सरळ रेषा दिसली तर कोणी तिथे चाललेलं नाही.

पायरी ११: ओळखीच्या वाटेवर पुस्तक तपासा

शक्य असेल तर अनोळखी डोंगराआधी पुस्तकातली अशी वाट उघडा जी तुम्ही आधी चालून आला आहात. तुम्ही जिथे गोंधळलात ती जागा लेखकाने लिहिलीय का? लिहिली नसेल तर बाकीच्या ठिकाणीही तेच झालं असणार.

पुस्तक घेतल्यावर पहिल्या तीन वाटांवर थांबे वगळून लागलेली वेळ समासात पेन्सिलीने लिहा आणि पुस्तकातल्या वेळेने भागा. पुस्तक चार तास म्हणतं आणि तुम्हाला पाच लागले तर १.२५. तिन्हींची सरासरी आतल्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. चौथ्या वाटेपासून छापील वेळेला त्या आकड्याने गुणायचं, आणि सूर्यास्तापासून उलटं मोजत निघायची वेळ ठरवायची. गटातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा आकडा वेगळा काढा. गट एकत्र निघणार असेल तर हिशेब त्याच आकड्याने करायचा.